नावाची जामीनकी

पत्त्यांच्या डावाविषयी या मासिकात लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. गळ्यात तुळशीची माळ आली की जुगार आपल्याला वर्ज्य झाला. मग अमेरिकेतल्या नामांकित खेळाडूंच्या जुगाराची उठाठेव वारकऱ्याने कशाला करायची? शंका रास्त आहे. परंतु आम्हांस जे सांगावयाचे आहे ते जुगार वाईट एवढेच नाही; ते लहान पोरालाही ठाऊक आहे. माणसाला मिळालेला लौकिक कोणाचा, आणि तो लौकिक बरोबर घेऊन त्याने कोठे बसावे व कोठे बसू नये, हा विचार आहे. तो जितका त्यांचा, तितकाच आपलाही आहे.

प्रथम हकीगत ऐका. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सरकारी वकिलांनी पोकरच्या चोरट्या डावांसंबंधी एकतीस जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. पोकर म्हणजे आपल्याकडच्या तीनपत्तीचा थोरला भाऊच म्हणाना. या डावांत प्रत्येकाच्या हाती दोन पालथे पत्ते, मध्ये सर्वांच्या सामाईक मालकीचे पाच उघडे पत्ते, आणि हातात काही असो वा नसो, बोली चढवीत जायची. न्यूयॉर्कच्या कायद्यात नुसते खेळणे हा गुन्हा नाही. परंतु अड्डा चालवून त्यावर कमाई करणे हा गुन्हा आहे. म्हणून असे अड्डे बंद दारामागे चालतात आणि ओळखीशिवाय आत कोणाला घेत नाहीत.

आरोपपत्रात जे लिहिले आहे ते वाचून शकुनीनेही तोंडात बोट घातले असते. पत्ते पिसण्याचे जे यंत्र टेबलावर असते, ते आतून फिरविलेले होते. कोणाच्या हाती कोणते पत्ते जाणार आणि डाव कोणाचा होणार, हे ते यंत्र वाचून घेई आणि दूर बसलेल्या साथीदारास कळवी. तो साथीदार टेबलावरच्या आपल्या माणसाला फोनवर सांगे, आणि तो माणूस खुणेने इतरांना सांगे. याखेरीज खुणा केलेले पत्ते, त्या खुणा दिसतील असे चष्मे, आणि पालथे पत्ते आरपार दाखविणारे टेबल असाही सरंजाम होता. या रीतीने लोकांचे निदान सत्तर लाख डॉलर, म्हणजे आपले साठ कोटींहून अधिक रुपये, लुबाडले गेले असा आरोप आहे. एकट्या एका गृहस्थाचे अठरा लाख डॉलर गेले. पैसे चुकते करण्यास कोणी कुरकुर केली, तर न्यूयॉर्कच्या जुन्या गुंड घराण्यांची माणसे वसुलीला येत.

आता मुख्य गोष्ट. एवढी मोठी रक्कम घेऊन शहाणा, कमावता माणूस अनोळखी दारात जाईल कसा? त्यासाठी आमिष पाहिजे. ते आमिष म्हणजे नावाजलेला खेळाडू. हे डाव चालविणाऱ्यांच्या बोलीत फसावयाच्या गिऱ्हाइकाला ‘मासा’ म्हणत, आणि टेबलावर आणून बसविलेल्या प्रसिद्ध माणसाला ‘चित्राचा पत्ता’ म्हणत. राजा, राणी, गुलाम या पत्त्यांवर चित्र असते, तसे याचे चित्र सर्वांना ठाऊक. राजाचा पत्ता दिसायला भारदस्त खरा, पण तो फिरतो दुसऱ्याच्याच हाताने!

आरोपींत चॉन्सी बिलप्स यांचे नाव आहे. बास्केटबॉलमध्ये सतरा हंगाम खेळलेले, २००४ साली अंतिम सामन्यांतले सर्वोत्तम खेळाडू ठरलेले, पुढे पोर्टलंडच्या संघाचे प्रशिक्षक झालेले आणि २०२४ साली त्या खेळाच्या मानकऱ्यांच्या यादीत बसलेले हे गृहस्थ. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयापुढे उभे राहून त्यांनी आरोप नाकबूल केला. खरेखोटे करणे हे न्यायालयाचे काम. आम्ही कोणावर निवाडा देत नाही. आम्हांस विचार करावयाचा आहे तो अशा माणसाचा, ज्याला यंत्राची लबाडी ठाऊकच नव्हती. ज्याला ठाऊक होती तो सरळ सरळ चोर. त्याच्याविषयी वाद कसला? पण ज्याने पत्ता फिरविला नाही, खूण केली नाही, जो नुसता येऊन बसला, हसला, चार डाव खेळला, त्याच्याकडे दोष किती?

तुम्ही म्हणाल, काहीच नाही. त्याचा पैसा, त्याची हौस. आम्हीही मानतो की स्वतःचा पैसा उधळणाऱ्याचा हिशोब वेगळा. चार्ल्स बार्कली नावाच्या बास्केटबॉलपटूने २००६ साली स्वतःच सांगितले की जुगारात आपले सुमारे एक कोटी डॉलर गेले. ते मूर्खपणाचे खरे. पण पैसे त्याचे होते, आणि झळ लागली ती त्याला व त्याच्या घराला. त्याच खेळातला सर्वांत थोर मानला गेलेला मायकेल जॉर्डन. १९९२ साली न्यायालयात शपथेवर त्याला कबूल करावे लागले की सत्तावन्न हजार डॉलरचा आपला एक धनादेश गोल्फ आणि पोकरमधल्या हरलेल्या पैशांपोटी होता. पुढच्याच वर्षी एका मुलाखतीत तो जे बोलला त्याचा अर्थ असा, की मला जुगाराचे व्यसन नाही, ईर्ष्येचे आहे.

या बोलण्यात खोच आहे. धर्मराजाची गोष्ट आठवा. तो काही पैशाचा लोभी नव्हता. कोणी आव्हान दिले तर माघार घ्यायची नाही, हे त्याचे व्रत. आणि त्या व्रताच्या दोरीनेच त्याला सभेत ओढून आणले. मैदानावर जो गुण माणसाला थोर करतो, तोच गुण जागा बदलली की त्याचा घात करतो. हार न मानणे ही धावणाऱ्याची शोभा आहे. पत्त्याच्या टेबलावर हार न मानणे म्हणजे घर विकणे. मनाला रोज चढच घ्यायची सवय लागली, की मैदान सुटल्यावर ते दुसरे मैदान शोधते. या माणसांना जवळ करणारे लोक ही भूक बरोबर हेरतात.

पण त्या सभेत द्यूत खेळणारे थोडे होते, आणि नुसते बसलेले पुष्कळ. भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. त्यांनी फासा हातात धरला नाही. तरीही द्रौपदीने प्रश्न विचारला तो त्या बसलेल्यांना विचारला. का? कारण ती सभा ‘सभा’ ठरली ती त्यांच्या बसण्याने. भीष्म तेथे नसते, तर ते चार लुच्च्यांचे टोळके ठरले असते आणि धर्मराजालाही पाऊल मागे घ्यावेसे वाटले असते. विदुराने आधीच बजावले होते. विकर्ण तर दुर्योधनाचा धाकटा भाऊ, पण तोही उठून बोलला. थोरांनी मात्र मान खाली घातली. महाभारत वाचणाऱ्याच्या मनात शकुनीविषयी राग येतो आणि जातो. भीष्मांच्या त्या बसण्याची खंत मात्र राहते. बसणे हेही एक कर्मच आहे, आणि मोठ्या माणसाचे बसणे हे मोठे कर्म आहे.

येथे एखादा अभ्यासू वाचक विचारील, की गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना द्यूताचेही नाव घेतले आहे, त्याची वाट काय? बरोबर. पण ते कोणांमध्ये सांगितले आहे ते नीट पाहा. खेळाडूंमध्ये नव्हे, छळ करणाऱ्यांमध्ये. कपटाने लुबाडण्याची जेवढी म्हणून साधने आहेत, त्यांत सर्वांत जोरकस ते द्यूत, असा तेथला भाव. सिंह ही पशूंमधली विभूती म्हणून कोणी त्याच्या जबड्यात हात घालीत नाही. खेळ म्हणून जे समोर येते त्याची जात कोणती, हे भगवंतांनीच सांगून ठेवले आहे. ब्रुकलिनच्या आरोपपत्राला त्यात भर घालावी लागली ती फक्त यंत्राची.

तर मग नुसत्या बसणाऱ्याचा दोष कोणता? आम्ही गावातले उदाहरण घेतो. सोसायटीचे कर्ज कोणी काढले की जामीनदार लागतो. जामीनदार पैसे घेत नाही, खर्चीत नाही. तो फक्त सही करतो. पुढे कर्जदार बुडाला की सोसायटीची नोटीस जामीनदाराच्या दारात येते. मग तो म्हणतो, अहो, मला काय ठाऊक हा बुडवील! सोसायटी म्हणते, ठाऊक नव्हते तर सही का केलीत? तुमच्या सहीकडे पाहूनच आम्ही पैसे दिले. अगदी हाच न्याय येथे आहे. तो अठरा लाख डॉलर घालविणारा मनुष्य यंत्राकडे पाहून बसला नाही. एवढा मोठा माणूस येथे खेळतो, म्हणजे डाव सचोटीचा असणार, असे म्हणून बसला. खेळाडूने कागदावर सही केली नसेल. त्याच्या चेहऱ्याने केली.

आणि ज्या नावाची ही जामीनकी, ते नाव तरी एकट्याचे आहे काय? हात-पाय त्याचे, घाम त्याचा, हे खरे. पण लौकिक लोकांनी दिला. कोणी तिकीट काढून सामना पाहिला, कोणी भिंतीवर त्याचे चित्र लावले, कोणी आपल्या पोराला त्याच्यासारखा हो म्हणून सांगितले. पैसा माणूस तिजोरीत ठेवू शकतो. नाव लोकांच्या मनात ठेवलेले असते. जे लोकांनी विश्वासाने ठेवायला दिले, ते जुगाराच्या टेबलावर मांडण्याचा त्याला अधिकार नाही. पैसा हरला तर तो आपला हरतो. नाव लावले तर दुसऱ्याचा विश्वास हरतो.

येथे अतिरेकही होऊ नये. मोठ्या माणसाने मग घराबाहेर पडूच नये की काय? आगगाडीत शेजारी बसलेल्या भामट्याची जामीनकी त्याच्याकडे नाही. लग्नात, हॉटेलात, बाजारात तो चारचौघांसारखाच जातो. पण जेथे त्याला नावासाठीच बोलावतात, तेथे गोष्ट बदलते. म्हणून त्याने उंबऱ्यावर दोन प्रश्न स्वतःला विचारावे. माझे नाव नसते, तर मला येथे बोलावले असते काय? आणि येथे आलो होतो, हे उद्या उजेडात सांगता येईल काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असल्यावाचून आत पाऊल टाकू नये.

आता फसलेल्याकडे वळू. त्याला हसणे सोपे आहे. लोभ नडला, चांगली खोड मोडली, असे म्हणून आपण मोकळे होतो. लोभ होता, नाही कोण म्हणतो? पण नुसत्या पैशाच्या लोभाला एवढे गळ टाकावे लागत नाहीत. त्याला आणखी एक भूक होती. ज्याला आजवर लांबून पाहिले, त्याच्या मांडीला मांडी लावून बसावे, त्याने आपल्याला नावाने हाक मारावी, उद्या घरी सांगावे की काल मी त्याच्याबरोबर होतो. ही भूक आपल्याला परकी आहे काय? थोरांची संगत मिळावी म्हणून तर आपण शेकडो मैल चालतो. संगतीची भूक वाईट नाही. ती माणसाच्या चांगल्या भुकांपैकी एक आहे. म्हणूनच तिच्यावर गळ लावणारा सर्वांत नीच. तहानलेल्याला पाण्याच्या नावाने विष द्यावे, तसे हे आहे. फरक ओळखायची खूण मात्र साधी आहे. ज्या संगतीला बसण्याआधी खिसा दाखवावा लागतो, ती संगत नव्हे, दुकान आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे समजून निर्धास्त राहू नये. यात्रेच्या गर्दीत फडक्यावर तीन पत्ते मांडून बसणारा आपण पाहिला आहे. पहिला जो जिंकतो तो त्याचाच माणूस असतो, आणि त्याला जिंकताना पाहून खेड्यातला भोळा पुढे सरतो. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांच्या जाहिरातींत तर आपल्याच लाडक्या क्रिकेटपटूंचे चेहरे वर्षानुवर्षे झळकले, आणि ते पाहून किती पोरांनी खेळ सुरू केले असतील! २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने असल्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा सांगितलेली नाही. जाहिरात करणाऱ्याला मात्र दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. चेहऱ्याचीही जामीनकी असते, हे कायद्यालाही उमगले म्हणायचे.

आणि आपल्या घरात? आमचा रोख येथेच आहे. गावात महाराजांचा शब्द चालतो, वीणेकऱ्याला लोक वाट देतात, माळकऱ्याने सांगितले म्हणजे खोटे नसेल असे बायाबापड्या मानतात. हा लौकिक आपण कमावलेला नाही. आपल्या आधी पिढ्यान् पिढ्या जे सचोटीने चालले त्यांच्या पुण्याईवर तो मिळाला आहे. कोणी दामदुपटीची योजना घेऊन येतो, कोणी भिशी काढतो, कोणी तीर्थक्षेत्राजवळच्या प्लॉटांची पत्रके छापतो, आणि म्हणतो, महाराज, तुमचा नुसता फोटो द्या, तुम्ही नुसते नारळ फोडायला या, पैसा एक मागत नाही. पैसा मागत नाही, हेच पाहून आपण फसतो. तो पैशाहून मोलाचे मागत असतो.

अशा वेळी आधी हिशोबाची वही मागावी. पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे आपल्याला समजेपर्यंत विचारावे. समजले नाही तर तसे स्पष्ट सांगून उठावे. संकोच धरू नये, भिडेला बळी पडू नये. नारळ दुसरा कोणी फोडील. आणि बसून झाल्यावर लबाडी ध्यानात आली, तर भीष्मांसारखी मान खाली न घालता विकर्णासारखे चारचौघांत उठून बोलावे, मग बोलावणारा आपला सख्खा भाऊ का असेना. आपल्या बोलण्याने एका विधवेचे दहा हजार वाचले, तरी त्या दिवसाचे भजन कारणी लागले असे आम्ही समजू.

रामकृष्ण हरी.