शेवटची भाकरी कोणाची?



आम्ही घरभेटीला आलो की तुमच्या घरात एक गोष्ट हमखास घडते. पेटीवर घडी करून ठेवलेली नवी वाकळ खाली येते आणि फादरांसाठी अंथरली जाते. आम्ही नको म्हटले तरी कोणी ऐकत नाही. लोहा असो, अहमदपूर असो, की नांदेड-लातूर शहरातली पत्र्याची खोली असो, यात फरक पडत नाही. आम्ही वाकळीवर, घरधनी बाजेवर, आणि जिने ती वाकळ उन्हाळाभर बसून शिवली ती उंबऱ्याशी, नुसत्या जमिनीवर.

अशाच एका घरी आम्ही रात्री जेवायला थांबलो होतो. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, वरण, जवसाची चटणी. भूक लागलेली होती आणि भाजी फार चवदार झाली होती. आम्ही दुसऱ्यांदा मागून घेतली. तिसरी भाकरी ताटात पडली, तीही खाल्ली. हात धुवायला मागच्या बाजूला गेलो तेव्हा त्या घरची माऊली चुलीपाशी जेवत बसलेली दिसली. ताटात अर्धी भाकरी आणि चटणी, एवढेच. भाजीचे पातेले रिकामे. आमची नजर कुठे गेली हे त्यांच्या लक्षात आले. हसून म्हणाल्या, "फादर, समदे पोटभर जेवले की मपलं पोट भरतंय."

हे वाक्य आपण प्रत्येकाने आईच्या किंवा आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. आम्ही तर ते प्रवचनातही वापरले आहे. आईचा त्याग म्हणजे ख्रिस्ताच्या प्रेमाची सावली, असे सांगितले आहे. त्या रात्री मोटारसायकलवरून परत येताना मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. ज्याला आपण त्याग म्हणतो तो खरोखर त्याग आहे, की एका अन्यायाला आपण गोड नाव देऊन ठेवले आहे?

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून तेव्हा दोन गोष्टी मनावर ठसल्या. एक अशी की, जाणून आणि स्वतःच्या इच्छेने केलेली कृतीच सद्गुणाची कृती ठरते. जिथे निवडीला वावच नाही तिथे पुण्यही मोजता येत नाही. दुसरी अशी की, ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. आता या दोन्ही गोष्टी त्या चुलीपाशी नेऊन पाहा. शेवटी जेवायचे हे त्या माऊलीने कधी निवडले? सासरी आल्या दिवसापासून तशीच रीत आहे, आणि माहेरी त्यांनी आपल्या आईला तसेच जेवताना पाहिले. मग तिला त्याग तरी कसे म्हणावे?

पण एवढ्यावर थांबलो तर आपण त्या माऊलीचा अपमान करू. त्यांच्या हसण्यात खोटेपणा नव्हता. लेकरे पोटभर जेवलेली पाहून होणारा आनंद खरा असतो, आणि तो ज्याला कळत नाही त्याच्याशी प्रेमाविषयी बोलण्यात अर्थ नाही. "तुम्ही बिचाऱ्या, तुम्हाला काही कळत नाही," असे त्यांना सांगायला जाणारे आम्ही कोण? पोट तर आमचेच भरलेले होते.

बराच विचार केल्यावर आम्हाला वाटते की आपली चूक प्रश्न विचारण्यातच होते. आपण विचारतो, ती देते ते योग्य की अयोग्य? विचारायला हवे ते, आम्ही घेतो ते योग्य की अयोग्य? तिच्या हातून सुटताना जी अर्धी भाकरी प्रेमाची असते, तीच आमच्या ताटात पडताना अन्यायाची असू शकते. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. तिचे प्रेम खरे आहे म्हणून आमचे बेफिकीर घेणे माफ होत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात याला जवळची एक गोष्ट सांगितली आहे. न्यायाने जे द्यायचेच आहे ते दानधर्म म्हणून देऊ नये. आधी न्याय, मग दया. हे आपण नेहमी मालक आणि मजुराच्या संदर्भात वाचतो. चुलीच्या संदर्भात का वाचत नाही?

आणि हा नुसता विचारांचा खेळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. याची कारणे अनेक आहेत, एकट्या पंगतीवर सारा दोष टाकणे बरोबर नाही. पण भाजी-डाळ आधी संपते आणि भाकरी-चटणी मागे उरते, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

वाकळीविषयीही आमची एक फजिती सांगायची आहे. एका रविवारी आम्ही प्रवचनात म्हटले की, वाकळीत चांगले लुगडे वर असते आणि विरलेली फडकी आत दडतात, तशी आई घरात आतला थर होऊन राहते. वाक्य आमचे आम्हालाच आवडले होते. मिस्सा संपल्यावर एक आजी आमच्याजवळ थांबल्या. त्यांनी आयुष्यभर वाकळी शिवल्या आहेत. म्हणाल्या, "फादर, तुमी कधी वाकळ शिवली नाही वाटतं. आत सडकं घातलं तर टाका धरतच न्हाई. एका धुण्यात समदं गोळा होतंय. आतलं बी बळकट लागतं." मग त्यांनी तिथेच पायरीवर बसून समजावून दिले. जुने लुगडे आधी धुवायचे, ओढून पाहायचे. फाटेल तेवढे टाकायचे. उरेल ते ताणून एकसारखे अंथरायचे, कडेपासून धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचे. दोघी-तिघी बसल्या तर काम लवकर होते आणि गप्पाही होतात. आम्ही ते प्रवचन परत कधी दिले नाही.

शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज आहे. त्यांच्यात कॅथलिक कुटुंबेही बरीच आहेत. त्या स्त्रिया अशाच गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांचे 'फुला' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. कोपऱ्याचीही एवढी काळजी.

मार्था आणि मरिया यांची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. आम्ही धर्मगुरू मंडळी बहुधा मरियेच्या बाजूने बोलतो. मार्थेच्या तक्रारीत मात्र एक साधी गोष्ट होती: काम एकटीवर पडले आहे. प्रभूने तिच्या काळजीबद्दल तिला प्रेमाने टोकले, हे खरे. पण पुनरुत्थानानंतर, योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, तोच प्रभू तिबिर्य सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी भाजून, भाकर तयार ठेवून, रात्रभर राबून आलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. चुलीशी बसणे त्याला कमीपणाचे वाटले नाही.

आपल्याकडेही वेगळे घडलेले आहेच. लातूर भागात वेळा अमावस्येला शेतात कोपीपाशी भज्जी, आंबील, उंडे यांची पंगत बसते. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. आम्ही शेजाऱ्यांच्या बोलावण्यावरून गेलो आहोत, आणि तिथे बायका-पुरुष एकत्र जेवताना पाहिले आहेत. (पहाटेपासून रांधायला कोण उठले होते, हे विचारायचे आम्ही तेव्हा विसरलो.) १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने घरे पडली. त्यानंतर घरदुरुस्तीच्या कामात शेकडो गावांत स्त्रियांनाच संवाद सहायक नेमले गेले. घर कसे हवे हे त्या बोलू लागल्या. तोवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आता आपल्या घरचे. गेल्या वर्षी चर्चच्या सणाला महिला मंडळाने पहाटेपासून मटण आणि भात शिजवला. आधी पाहुणे, मग पुरुष, मग मुले. मंडळाच्या पंगतीला रस्सा उरला, फोडी उरल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्या पंगतीत, पहिल्या जागेवर आम्ही बसलो होतो.

यंदा धर्मग्राम समितीत आम्ही सुचवले की स्वयंपाक करणाऱ्यांनी पहिल्या पंगतीला बसावे आणि तरुण मुलांनी वाढावे. काहींना हे रुचले नाही. पाहुण्यांसमोर बरे दिसणार नाही, असे एक ज्येष्ठ म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नाही, हे आम्ही जाणतो. महिला मंडळाला विचारले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाली, "बसू की फादर. पण मग पातेली कोण घासणार?"

सणाच्या दिवशी पातेली घासण्यासाठी नावे द्यायची वही सॅक्रिस्टीत ठेवली आहे. पहिले नाव आमचे आहे. बाकीची पाने अजून कोरी आहेत.