दोन विमानतळांमधील अंतर

मुंबई आणि दिल्ली यांच्या विमानतळांमधील अंतर सरळ रेषेत सुमारे 1,140 किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरला, तर त्रैराशिक येणारा कोणताही मुलगा उत्तर देईल की, दीड तासही लागायला नको. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ छापलेला असतो. वरचा वेळ जातो कुठे? विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या विमानतळावर जागेला लागेपर्यंतचा सारा काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, पाळीची वाट पाहणे, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे हे सगळे त्यात आले. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या तर एकमेकींना छेदतात. मग थांबणे ओघानेच आले. मला हा हिशेब आवडतो. माणसाचे ताटकळणे निदान कुठेतरी कोणी मोजीत आहे!

आता पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून दिल्लीपर्यंत एक दोरा ताणून पाहा. तो आमच्या जव्हारच्या आसपासून जातो. विमाने काही नेमकी त्या दोऱ्यावरून जात नाहीत, त्यांचे मार्ग आखलेले असतात. पण सरळ गेलेच तर उड्डाणानंतर पाव तासाच्या आत ती जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर असतील. याच डोंगरांत एखाद्या पाड्यावरचा आजारी माणूस आजही कधीकधी डोलीत घालून, चौघांच्या खांद्यावरून डांबरी सडकेपर्यंत आणावा लागतो. त्या चालीचे वेळापत्रक कोणी छापलेले नाही. विमानाला अर्धा तास उशीर झाला, तर ध्वनिक्षेपकावरून दिलगिरी व्यक्त होते. डोलीला उशीर झाला, तर दिलगिरी कोणी आणि कोणाजवळ व्यक्त करायची?

कोणी म्हणेल, दिल्लीचे विमान बंद केल्याने तुमच्या पाड्याला रस्ता होणार आहे का? नाही होणार. विमानाशी माझे भांडणही नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले, तेव्हा त्यात टपाल होते. वाचलेला वेळ विमानात कधीही न बसणाऱ्या माणसांच्याही वाट्याला आला; पत्र त्यांच्या हाती लवकर पडले. माझी शंका वेगळीच आहे. दोन गावांमधले अंतर दोन्ही टोकांकडून सारखेच भरते, मग जवळीक एकाच टोकाला का मिळते? मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी 2014 पासून मुंबईला जाते. त्या पाण्याला मुंबई दूर वाटत नाही. धरणाच्या तालुक्यातल्या बायाबापड्या मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. अंतर कमी करणे माणसाच्या हाती आहे, हे एकदा सिद्ध झाल्यावर ‘गाव फार आडबाजूला आहे हो’ ही सबब मला तरी पटत नाही.

वर्गात मी हे दिल्लीचे गणित एकदा फळ्यावर घातले. मुलांनी भागाकार करून 1 तास 25 मिनिटे असे उत्तर काढले. एका मुलीने मात्र पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, “गुरुजी, वेळ कुठून धरायचा? विमानापासून की घरापासून?”

“घरापासून धर,” मी म्हणालो.

तिने आधी पाड्यापासून सडकेपर्यंतची चाल लिहिली, मग एस. टी.ची वाट पाहण्याचा वेळ, मग एस. टी. आणि पुढची लोकल. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा तिची बेरीज अजून मुंबईलाच पोचत होती.