क्षेत्रवास घ्यावा की न घ्यावा?

मुंबई, ठाणे, पुणे या बाजूला कीर्तनास गेले म्हणजे एक प्रश्न हल्ली आम्हांस हमखास विचारला जातो. आरती होते, श्रोते पांगतात, आणि कोणी एक माळकरी गृहस्थ मागे थांबून म्हणतात, "महाराज, नोकरी संपली, मुलं मार्गाला लागली. आता हे शहर नको वाटतं. जागा विकून पंढरपुरी कायमचं जाऊन राहावं म्हणतो. आपलं मत काय?" विचारणारा भाविक असतो, त्याची तळमळ खरी असते, आणि उत्तर त्याला उभ्या उभ्या हवे असते. पण ज्या उत्तरावर दोन जीवांचा उरलेला काळ अवलंबून आहे, ते उभ्या उभ्या कसे द्यावे? म्हणून त्याचा विचार येथे थोडा बैजवार करतो.

मीमांसकांनी प्रश्न सोडवण्याची एक रीत घालून दिली आहे. प्रथम विषय मांडावा, मग संशय सांगावा, पूर्वपक्ष पुरता ऐकून घ्यावा, त्यास उत्तर द्यावे आणि शेवटी निर्णय करावा. आम्हीही त्याच वाटेने जाऊ.

विषय असा. पंढरपूर हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती एक लाखाच्या आतबाहेर होती. आषाढीला मात्र तेथे लाखो माणसे उतरतात, आणि कार्तिकी, माघी, चैत्री या वाऱ्यांनाही गर्दी लोटते. आपण वारकरी ते गाव पाहतो ते या दिवसांत. म्हणजे लग्नघर पाहावे तसे. मांडव पडलेला, सनई वाजते आहे, पंगतीवर पंगती उठताहेत! लग्नघर पाहून त्या घरच्या रोजच्या चुलीची परीक्षा कोणी करू नये. संशय असा की, प्रपंचातून निवृत्त झालेल्याने क्षेत्री जाऊन राहणे हा परमार्थ म्हणावा, की प्रपंचाला पाठ दाखवून काढलेला पळ म्हणावा?

पूर्वपक्ष म्हणतो, जावेच. शहरात राहून साधले काय? पहाटे उठून गाडी पकडली, रात्री उशिरा घर गाठले. पंचवीस वर्षे एका जिन्यात राहून शेजाऱ्याचे नाव ठाऊक नाही. हरिपाठ मोठ्याने म्हणावा तर भिंतीपलीकडचा कुरकुरतो. गुडघे दुखतात, उद्वाहक बंद पडला की चौथ्या मजल्यावर अडकून पडावे लागते. उलट पंढरपुरी पहाटे काकडा कानी पडतो, मठामठांतून प्रवचने चालतात, चंद्रभागेचे वाळवंट चालत जाण्याच्या अंतरावर. भाजी स्वस्त, भाडे कमी. शहरातली जागा विकून येथे घर घेतले तरी गाठीला चार पैसे उरतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे संगत. म्हातारपणी माणूस एकटा पडतो. तेथे आपल्यासारखेच गळ्यात तुळशीची माळ घातलेले दहा जण ओट्यावर भेटतात. संतांचाही दाखला आहे. नामदेवरायांचे घर पंढरपुरी. जनाबाई लहानपणी गंगाखेडहून तेथे आल्या आणि तेथल्याच झाल्या. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला तर दुसरा आसराच नव्हता. तिने विठ्ठलाच्या पायी देह ठेवला. मग आम्हीच का जाऊ नये?

हा पक्ष बळकट आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. एकाकी म्हाताऱ्याला सोबत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि पहाटे चारला उठून काकड्याला जाणारा मनुष्य दुपारी चारला कुढत बसत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

आता उत्तरपक्ष. पहिली गोष्ट शरीराची, कारण साधनाचे पहिले हत्यार तेच. चैत्र-वैशाखात त्या भागात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पंढरपुरी उपजिल्हा रुग्णालय आहे, दवाखाने आहेत; पण दुखणे मोठे निघाले तर सोलापूर गाठावे लागते, आणि ते सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दूर. ज्याला आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीसाठी जावे लागते, किंवा ज्याच्या हृदयाचे दुखणे जुने आहे, त्याने हे अंतर आधी मोजावे. चंद्रभागेचेही तसेच. भीमेवर वरच्या अंगाला उजनीचे धरण १९८० साली झाले, तेव्हापासून तिचे पाणी बरेचसे सोडण्यावर आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडे दिसते. पावसाळ्यात उजनीचे आणि नीरेवरच्या वीर धरणाचे पाणी एकदम सुटले की काठच्या वस्तीत शिरते. मंदिराभोवती मोठा मार्ग करण्याच्या योजनेची चर्चा काही वर्षे चालू आहे. तेव्हा महाद्वाराजवळ घर घेणाराने कागदपत्रे नीट पाहावीत. देवाच्या गावात व्यवहार करताना डोळे मिटून चालत नाही, बरं का!

दुसरी गोष्ट मनाची. अतिपरिचयाने आदर उणावतो हे सर्वांस ठाऊक आहे. प्रयागात राहणारे लोक गंगा सोडून घरच्या विहिरीवर आंघोळ करतात, असे सुभाषितकाराने म्हणून ठेवले आहे. पंढरपुरी नव्याने राहायला गेलेला गृहस्थ पहिले तीन महिने रोज दर्शनाला जातो. मग एकादशीला जातो. मग म्हणतो, "आज बारी मोठी आहे, कळसाचं दर्शन झालं, पुरे." यात त्याचा दोष थोडा, स्वभावधर्म अधिक. आणि गावात घर असले म्हणजे दर्शन हातचे झाले असेही नाही. २०२० साली महामारीत मंदिराचे दार बंद झाले, तेव्हा पंढरपूरकरही बाहेरच होते. २०२४ च्या उन्हाळ्यात मंदिराच्या जतनाच्या कामामुळे काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद होते, तेव्हाही तेच. याहून मोठा दाखला चोखोबांचा. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. देवाच्या इतक्या जवळ जो महात्मा विसावला, त्याच्या जातीला त्या दारातून आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. शेजार मिळाला म्हणजे भेट झाली असे नव्हे. आणि भेट नाकारली गेली तरी चोखोबांची भक्ती उणी झाली नाही.

तिसरी गोष्ट संतांच्या दाखल्याची. पूर्वपक्षाने अर्धेच दाखले दिले. सावतोबा अरणचा मळा सोडून गेले नाहीत. आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणास जाते. गोरोबाकाकांचे चाक तेरला फिरले. नाथमहाराजांचे घर पैठणास, तुकोबारायांचे देहूस. आणि ज्यांचे घर पंढरपुरी, ते नामदेवराय उतारवयात पंजाबात गेले. तेव्हा संतांच्या वस्तीवरून पत्ता ठरवू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जेथे ज्याचे काम होते तेथे तो राहिला, एवढेच लागते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. डोंबिवलीस एका सप्ताहात असेच एक गृहस्थ भेटले. तीस वर्षे त्यांची पायी वारी चुकली नव्हती. पंढरपुरास जाण्याचे त्यांनी पक्के केले होते, आमचा आशीर्वाद तेवढा हवा होता. शेजारी त्यांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. आम्ही त्यांना विचारले, "आणि आपलं काय म्हणणं, माउली?" त्या म्हणाल्या, "मला कोण विचारतंय, महाराज? तीस वर्षं हे वारीला गेले, तेव्हा घर मी धरलं. आता कुठं जरा निवांत झाले. नातवाला शाळेतून आणते, मंगळवारी आम्हा बायकांचं भजन असतं. तिथं माझं कोण आहे?" गृहस्थ म्हणाले, "अगं, विठ्ठल आहे ना!" त्यावर बाई पटकन बोलल्या, "तो इथंही आहे म्हणून तुम्हीच तर सांगता!"

या उत्तरापुढे आम्ही काय बोलणार? आम्ही त्या गृहस्थांना एवढेच विचारले, की देव स्वतः पंढरपुरी का आला, हे आपण इतक्या कीर्तनांत ऐकले असेल, ते आठवते का?

वाचकांनीही आठवून पाहावे. देवाचे मूळ घर द्वारका. परंपरा सांगते की रुक्मिणी रुसून दिंडीरवनात निघून आली, आणि तिला शोधत, तिची समजूत काढण्यासाठी देव मागोमाग आला. आला तो पुंडलिकाच्या दारी थांबला, कारण पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने सेवा सोडली नाही, वीट पुढे केली, आणि देव तिच्यावर उभा राहिला तो अजून उभा आहे. म्हणजे देवाने गाव बदलले ते दोन कारणांनी. एक रुसलेली पत्नी आणि दुसरे मायबापांची सेवा. या दोहोंना मागे टाकून जो पंढरपुरी घर करू म्हणतो, त्याने पंढरीचे माहात्म्य ऐकले असेल, पण कानाआड केले. पत्नीला ओढून नेऊन केलेला क्षेत्रवास, किंवा अंथरुणावरच्या आईला भावाच्या गळ्यात घालून केलेला क्षेत्रवास, हा पुंडलिकाच्या गावात पुंडलिकाविरुद्ध केलेला अपराध होय.

याची दुसरी बाजू अधिक कठोर आहे, ती मुलांनी ऐकावी. काही घरी बापाला पंढरपुरास जाण्याची ओढ नसते. मुलाला ती जागा मोकळी हवी असते. मग तो म्हणतो, "बाबा, तुम्ही आता देवाधर्माचं बघा, तिकडे खोली घेऊन देतो." पहिली काही वर्षे दर महिन्याला पैसे येतात, पुढे दूरध्वनीवर आवाजही येत नाही. अशा म्हाताऱ्यांशी आम्ही मठाच्या ओवरीत बसून बोललो आहोत. ते मुलाला दोष देत नाहीत. "पांडुरंगाची इच्छा," म्हणतात. मुलाने केलेली गोष्ट पांडुरंगाच्या अंगावर कशाला घालावी? वानप्रस्थ घ्यायचा असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही.

तरुण गृहस्थांविषयी थोडक्यात सांगतो. मुलांच्या शाळा आणि पोटाचा उद्योग ज्यांचा अजून चालू आहे, त्यांना लहान गावी उद्योग मिळत असेल तर त्यांनी खुशाल जावे, आईबाप तेथे असतील तर आधी जावे. मात्र त्यास क्षेत्रवास म्हणू नये. तो प्रपंचच आहे, आणि सचोटीने केला तर तोही देवास पोचतो.

राहिला निर्णय. येथे अधिकारभेद पाहावा लागतो. एकच औषध सर्वांस चालत नाही. ज्याच्यावर कोणाचे ऋण उरलेले नाही, ज्याची प्रकृती ठीक आहे, आणि जाण्याविषयी पतिपत्नीचे एकमत आहे, त्याने जावे. आमचा आशीर्वाद आहे. जो एकटा आहे, ज्याला शहरात हाक मारणारे कोणी नाही, त्याने तर अवश्य जावे. पंढरी असल्यांसाठीच आहे. ज्याचे घरातले मन वळलेले नाही, त्याने थांबावे. थांबणे हेही साधन आहे. पुंडलिकाने देवालाच थांबवले!

जाणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. शहरातली जागा लगेच विकू नये. पंढरपुरी भाड्याने एक वर्ष राहून पाहावे. त्या वर्षात वैशाखाचे ऊन यावे, आषाढीची गर्दी यावी, आणि गर्दी ओसरल्यावरचा तो ओका ओका आठवडाही यावा. वर्षअखेर दोघांनी एकमेकांना विचारावे. दोघांचेही "हो" आले तर मग घर घ्यावे.

आणि घर घेतल्यावर? येथे वारी या शब्दाचा अर्थ ध्यानी घ्यावा. काशीला माणसे मरणासाठी जातात. वारकरी पंढरीस भेटीसाठी जातो आणि परत येतो. पुन्हा जाता यावे म्हणून परत येतो. आपले व्रत या येरझारीचे आहे. जो पंढरपुरातच राहिला त्याची येरझार संपली, मग त्याने वारी कशी करावी? आम्हांस असे वाटते की, त्याने पाहुणा होणे सोडून यजमान व्हावे. आषाढीला आपल्या पडवीत दहा वारकऱ्यांना पथारी टाकू द्यावी. त्यांच्या पायांना लावायला तेल ठेवावे, प्यायला पाणी भरून ठेवावे, आणि ते दर्शनबारीत उभे असता त्यांची गाठोडी राखावी. त्या दिवशी स्वतःला दर्शन घडले नाही तरी खंत करू नये. कार्तिक वद्यात माउलींच्या समाधिसोहळ्यास आळंदीला जावे. पंढरपूरकराला ती वारी मोकळी आहे.

जो हे करणार असेल त्याने पंढरपुरी घर करावे. ज्याला हे आपल्या शहरातल्या जिन्यातच करता येईल, त्याने तेथे राहून करावे. शेजाऱ्याचे नाव विचारण्यापासून आरंभ केला तरी चालेल. देवाला उभे राहण्यापुरती एक वीट लागते. ती कोणत्या गावात टाकावी, याचा विचार दोघांनी मिळून करावा.

॥ रामकृष्णहरी ॥