शेवटचा डबा

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी खुलं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते पाहून आल्यावर आमच्या चिरंजीवांनी साताऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर रूळ टाकले. आम्ही खाली पाट मांडून जेवू लागलो. तक्रार नाही, आमटी तीच असते.

दोन गाड्या आपोआप धावायच्या, तर कुठला रूळ मोकळा आणि कुठे गाडी उभी, हे यंत्राला कळायला हवं. खऱ्या रेल्वेत ही सोय विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थांनी १८७२ साली केली. रुळांतून बारीकशी वीज सोडायची. गाडी आली की ती चाकांतूनच परस्पर माघारी जाते आणि सिग्नल लाल होतो. चिरंजीवांचा हिशेब वेगळा : जो वीज खातो तो हजर. इंजिन खातं. डबे बिचारे काहीच खात नाहीत. पहिल्याच दिवशी शेवटचा डबा सुटून बोगद्यात राहिला. यंत्र म्हणालं, रूळ मोकळा! दुसरी गाडी थेट त्याच्यावर.

मी हसलो. पण बँकेतला माणूस, फार वेळ हसता येईना. दोन वर्षं ज्याने पैसे भरले नाहीत की काढले नाहीत, त्याचं खातं आम्हीही निष्क्रिय ठरवतो. नोव्हेंबरात पेन्शनर समोर उभा राहून नमस्कार करतो, आणि मी त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतो! नियम चूक आहे असं म्हणणार नाही. त्याच्यावर माझा पगार चालतो. पण मोकळा वेगळा आणि गप्प वेगळा. त्या फरकाला आमच्या संगणकात रकाना नाही.

चिरंजीवांनी डब्यांना धातूची चाकं बसवली आणि आसावर दहा हजार ओहमचा एकेक रेझिस्टर लावला.

“याने डबा पळतो का रे?”

“नाही बाबा. नुसती चिमूटभर वीज खातो. तेवढ्यावर कळतं, की आहे.”

आमचे अण्णा मागच्या खोलीत असतात. वय चौऱ्याऐंशी. काही मागत नाहीत. फक्त रोज दुपारी हाक येते, “अरे, किती वाजले?” मनगटावर घड्याळ, समोर भिंतीवर घड्याळ! रविवारी माझी झोपमोड होते, आणि मी पडल्यापडल्याच ओरडतो, “हातात आहे ना तुमच्या!”

गेल्या रविवारी हाक आली. उठून गेलो, त्यांच्याच मनगटावर वाकून पाहिलं आणि सांगितलं, “चार वाजून दोन मिनिटं.”

“दोन मिनिटं लेट,” अण्णा म्हणाले, आणि पाय आखडून त्यांनी पलंगावर जागा केली.