मंडळाचा व्हीसीआर

पुण्यातल्या एका पेठेतल्या गणेश मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष जवळ आलं, तेव्हा जुने देखावे मोठ्या पडद्यावर दाखवायची टूम निघाली. ती सगळ्यांना आवडली, कारण तिला खर्च दिसत नव्हता. देखाव्यांच्या व्हिडिओ कॅसेट मंडळाच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि व्हीसीआर कपाटावर, मांडवाच्या जुन्या झालरीत गुंडाळलेला.

व्हीसीआर लावला. त्यानं कॅसेट आत घेतली, जरासा घरघरला आणि कॅसेट बाहेर टाकली. पुन्हा घातली, पुन्हा टाकली.

"नको म्हणतोय," एक पोरगा म्हणाला.

बैठक बसली. खजिनदार मंडळातले सगळ्यांत जुने. संपलेल्या पावतीपुस्तकाची पाठकोरी पानंसुद्धा हिशेबाला वापरणारे. मंडळ कधी कर्जात गेलं नाही ते त्यांच्यामुळेच, हे त्यांना नावं ठेवणारेही कबूल करत. त्यांनी जाहीर केलं, "या कामाला चार हजार. वर एक रुपया मिळणार नाही."

"त्यापेक्षा नवाच घेऊ ना," तरुण मंडळी म्हणाली. पण नवा आणायचा कुठून? व्हीएचएस 1976 साली जपानात निघालं आणि 2016च्या जुलैमध्ये फुनाई या शेवटच्या कंपनीनंही व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणजे 'नवा' याचा अर्थ दुसऱ्या कुणाचा तरी जुना. मोबाइलवरच्या जाहिरातींत एक सापडला, 'चालू स्थितीत', बारा हजार. जुन्या बाजारात रविवारी आणखी एक दिसला, आठशेचा. विकणारा म्हणाला, "घरी जाऊन लावून बघा." खजिनदार हात मागे बांधून परत आले. हे त्यांनी बरोबरच केलं. लावून न दाखवलेला व्हीसीआर आठशेला घेणं म्हणजे आठशे रुपये टाकून देणं.

पेठेत पैशांमुळे काम अडलं की कुणाला ना कुणाला अमेरिकेतला मित्र आठवतो. न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं तळघरातला व्हीसीआर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवून दिला. फुकट. मंडळानं रिवाजाप्रमाणे त्यावर पांढऱ्या रंगात देणगीदाराचं नाव लिहून घेतलं आणि मग तो लावायला घेतला. मंडळाच्या वायरमननं मागची पट्टी वाचली म्हणून निभावलं. ते यंत्र 120 व्होल्टचं होतं. ट्रान्सफॉर्मर उसना आणला. कॅसेट आत गेली, बाहेर आली नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर मात्र नुसते आडवे पट्टे धावत होते.

आपल्याकडचं चित्रण पाल पद्धतीचं, 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेतलं एनटीएससी, 525 रेषा आणि जवळजवळ 30 चित्रं. आपल्या यंत्रातला हेडचा ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो, तिकडचा 1800. टेपही तिकडे जास्त वेगानं पळते. कॅसेट दिसायला हुबेहूब तीच, पण त्या यंत्राला तिच्यावरचं वाचता येत नव्हतं.

या सगळ्यात दोन महिने गेले. पावसाळा लागला. शेवटी कुणीतरी तपकीर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव काढलं. अरुंद लाकडी जिना, वर एक खोली, खोलीत उघडी पडलेली यंत्रं. अध्यक्ष आणि खजिनदार व्हीसीआर घेऊन गेले.

मेकॅनिकनं झाकणसुद्धा उघडलं नाही. "कॅसेट किती आहेत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"असतील तीसेक," अध्यक्ष म्हणाले.

"त्यात देखाव्याच्या किती?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. यंत्रावरून चार बैठका झाल्या होत्या, दोन गट पडले होते, एकानं राजीनामा देऊन परत घेतला होता. ट्रंक पूर्ण रिकामी करून कुणी पाहिली नव्हती.

"आधी ती आणा. मशीन कुठं पळून जात नाही. कॅसेट मात्र चाललीय."

ट्रंक आली. एकतीस कॅसेट निघाल्या. त्यातल्या बावीस सिनेमांच्या. एके काळी टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीच्या भाड्यानं आणून चौकात लागोपाठ तीन सिनेमे बघायचे, त्या दिवसांतल्या. नऊवर मंडळाचं नाव. म्हाताऱ्यानं त्या नऊ एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. त्यातल्या चार कॅसेटच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती.

"बुरशी. ही कॅसेट मशीनमध्ये गेली की हेड माखतं आणि पुढची प्रत्येक कॅसेट त्या हेडवरून जाते. अमेरिकेतून आला त्यात कुठली घातली होती?"

त्या चारांतलीच एक निघाली. आणखी कुठली घालण्याआधी पट्ट्यांनी त्यांना थांबवलं, एवढंच नशीब.

पुढचं काम संथ होतं. बुरशीवाल्या कॅसेटचे पाच-पाच स्क्रू काढून त्यानं रिळं बाहेर घेतली, सिनेमाच्या कॅसेटच्या स्वच्छ खोक्यात बसवली आणि टेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या कापडातून हळूहळू ओढून घेतली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप असते. पोरांनी पाळ्या लावल्या.

यंत्राचा आजार त्यामानानं किरकोळ निघाला. टेप गुंडाळणारं रीळ ज्या चाकावर फिरतं, त्याचा रबरी टायर गुळगुळीत होऊन घसरत होता. रीळ फिरत नाही म्हटल्यावर टेप आत सैल पडून गुंतू नये म्हणून यंत्र स्वतःच कॅसेट बाहेर टाकत होतं. म्हणजे व्हीसीआर 'नको' म्हणत होता ते शहाणपणानंच. म्हाताऱ्यानं टायर काढून उलटा केला, आतली खरखरीत बाजू बाहेर आणली आणि परत बसवला. त्याला खर्च शून्य. दोन बेल्ट डांबरासारखे चिकट झाले होते, ते बदलले. टेप दाबून पुढे नेणारा रबरी रोलर कडक झाला होता, तो एका मेलेल्या यंत्रातून काढून घातला. हेड पुसायला एक पोरगा कापूस घेऊन सरसावला, तेव्हा म्हातारा पहिल्यांदा ओरडला. कापसाचा तंतू हेडच्या टोकाला अडकतो आणि टोक तुटतं. त्यानं मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला आडवा धरला आणि ड्रम बोटानं फिरवला. वरखाली घासायचं नाही, हे दोनदा बजावलं.

पहिली कॅसेट सिनेमाची लावली. "ही चावली तर चावली," तो म्हणाला. मुंग्या आल्या, गेल्या, चित्र स्थिर झालं. मग मंडळाच्या कॅसेट लागल्या. पिवळी, पांढरी, लाल वायर कॅप्चर कार्डातून लॅपटॉपला जोडली. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई करायला जागाच नसते.

सगळ्यांना ओढ होती 1988च्या कालियामर्दनाची. पाच फणे वेगवेगळ्या तालात हलवणारा तो देखावा ज्यानं केला, तो कारागीर आता हयात नाही. त्या कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी खाच होती आणि खाचेवर पिवळा पडलेला सेलोटेप.

म्हाताऱ्याचा हात थांबला. "शूटिंगवाल्यानं टॅब तोडून दिली होती. टॅब तोडली की वर दुसरं रेकॉर्ड होत नाही. सेलोटेप लावला की होतं."

कॅसेट लावली. श्रींची मूर्ती. आरती. मांडवाचा पडदा सरकायला लागला, अर्ध्यावर आला, आणि सिडनीच्या मैदानावर जावेद मियाँदाद किरण मोरेची नक्कल करत बेडकासारखा उड्या मारायला लागला. 4 मार्च 1992चा विश्वचषकातला सामना. शेवटपर्यंत सामनाच होता.

पोरांना आधी हसू आलं. मग एकानं विचारलं, "कुणी केलं असेल हो?"

"कोरी कॅसेट वाचवली कुणीतरी," म्हातारा म्हणाला आणि पुढची लावली.

खजिनदार काही बोलले नाहीत. उत्सव संपला की व्हीसीआर मंडळाच्या खोलीतून चोरीला जाऊ नये म्हणून त्या काळी त्यांच्याच घरी असायचा. हे अध्यक्षांना आठवत होतं, पण त्यांनीही ते काढलं नाही.

हिशेब झाला. दुरुस्तीचे चौदाशे, कॅप्चर कार्डाचे बाराशे. उरले चौदाशे. अध्यक्ष म्हणाले, "छान. त्यात एक पेन ड्राइव्ह येईल. सगळं मावेल."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "पेन ड्राइव्ह हरवतो. दोन हार्ड डिस्क घ्या, दोन घरांत ठेवा. आणि कॅसेट फेकू नका."

"पण आपला आकडा चार हजारांचा ठरलाय," अध्यक्षांनी खजिनदारांकडे बघत म्हटलं. नकार तिकडूनच येणार, याची त्यांना खात्री होती.

"दोनच घ्या," खजिनदार म्हणाले. "चार हजारांच्या वर जे जाईल ते माझ्या नावावर टाका."

अध्यक्षांनी पावतीपुस्तक उघडलं. "देणगी म्हणून लिहू?"

"नको. थकबाकी लिहा."