हलगी न वाजवणाऱ्यांचे गाव

जालना जिल्ह्यातून बाहेर पडलेला एक नारायण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जांबच्या ठोसरांचा हा मुलगा ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बाहेरून या जिल्ह्यात आलेला दुसरा नारायण मात्र खुद्द जालन्यातही फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण, धर्माने ख्रिस्ती. मुंबईहून निजामाच्या मुलखात आलेले स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक.

त्यांचे नाव इतिहासात येते ते बहुधा धाकट्या भावामुळे. १८४३ मध्ये नारायणरावांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते सज्ञान होते, त्यामुळे बापाचा इलाज चालला नाही. धाकटा श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता आणि मिशनरींच्या घरी राहत होता. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली, न्यायमूर्ती पेरींनी मुलगा बापाच्या हवाली केला. पण कोर्टाने परत दिलेला मुलगा जातीने परत घ्यायला हवा होता. त्याने मिशनरींच्या घरचे अन्न खाल्ले होते! प्रायश्चित्त देऊन त्याला पंक्तीत घ्यावे म्हणून बालशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि कर्मठांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. ‘दर्पण’काराची ही बाजू आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगावीच. मात्र त्या घरातला मोठा मुलगा आपल्या कथेतून तिथेच गळतो. बाटला, संपला.

तो संपला नव्हता. १८५४ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १८६० नंतरच्या वर्षांत त्याने जालना हे आपले ठाणे केले. इथे इंग्रजांची छावणी होती, ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणण्याइतकी बाजारपेठ होती आणि आजूबाजूच्या गावांच्या शिवेवर मांगवाडे होते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या ब्राह्मणाने आपल्यासारख्याच शिकलेल्यांशी वाद घालावेत, अशी तेव्हाची रीत. नारायणरावांची मंडळी मात्र मुख्यतः मांगवाड्यांतून उभी राहिली.

मांगाचा गावाशी असलेला संबंध नीट पाहिला, तर नारायणरावांपुढचा पेच कळतो. अंबाडी सडवायची, वाख सोलायचा, पीळ घालून दावी, कासरे, सोल, नाडे वळायचे. पोळ्याच्या आधी शेतकऱ्याच्या बैलांना नव्या वेसणी न् कासरे पुरवायचे. सुगीत खळ्यावर उभे राहून धान्याचे बलुते मागायचे. आणि गावदेवाची पालखी निघाली की पुढे हलगी वाजवायची. आता हा माणूस ख्रिस्ती झाला. रविवारी उपासनेला बसला, तोवर गावाला काही फरक पडत नाही. पण पालखीच्या दिवशी त्याने हलगीला हात लावायचे नाकारले की प्रश्न श्रद्धेचा उरत नाही, खळ्यावरच्या सुपाचा होतो. हलगी हे दैवताचे काम आणि तेच पोटाचेही. दोन्ही एकाच दोरात वळलेले. एक पीळ सोडवायला गेलात तर दुसरा सुटतोच.

नुसत्या प्रवचनाने यातून वाट निघत नव्हती. शेषाद्रींनी जमीन मागितली, तीही हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे. जालन्याजवळ जमीन मिळाली, तिथे विहीर, घरे, शाळा, उपासनामंदिर असे गाव वसले. नाव ठेवले बेथेल. मुसलमान राज्यकर्त्याच्या दिवाणाने, ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती पाळकाला, मांग कुटुंबांसाठी जमीन द्यावी, हे आजच्या कुठल्याच बाजूच्या भाषणात बसत नाही. म्हणून तर ही गोष्ट कुणी सांगत नसेल.

बाप्तिस्म्यापेक्षा मला ही मागणी मोठी वाटते. पुण्यात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांगाच्या मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले होते. त्या दुःखाला पायाखालची जमीन हवी, हे शेषाद्रींनी प्रत्यक्ष व्यवहारात ओळखले.

पण बेथेलचे गुणगान करून मोकळे होता येत नाही. जमीन मिळाली ती पाळकाच्या शब्दावर. म्हणजे कुणाला घर मिळणार, कुणाला रान, हे ठरवण्यात पाळकाच्या शब्दाला वजन येणारच. पाटलाच्या ओसरीवरून सुटलेला माणूस पाळकाच्या ओसरीवर आला, असे कुणी म्हटले तर ते सरसकट खोडता येणार नाही. शिवाय वेगळे गाव वसवले की जुन्या गावाला काहीच बदलावे लागत नाही. नवी विहीर खणली गेली, जुनी तशीच बंद. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये आंबेडकरांनी धरलेला आग्रह नेमका उलटा होता: पाणी इथलेच, आणि तेही सर्वांसमोर.

गाव चालवायला पैसा लागे, तो समुद्रापलीकडून आणायचा. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री पागोटे घालून उभे राहिले. तिथल्या श्रोत्यांना ते पागोटे फार आवडले. पूर्वेकडचा माणूस आपलाच धर्म आपल्याच भाषेत सांगतो आहे, याचे अप्रूप होते. निजामाच्या मुलखात ‘साहेबांच्या धर्माचा’, साहेबांच्या मुलखात ‘पागोटेवाला’. दोन्हीकडे परकेच. तरी या परकेपणाचा त्यांनी उपयोग करून घेतला, असे मला वाटते. गावकीच्या भाऊबंदकीत अडकलेल्या माणसाला सालारजंगांच्या दारापासून न्यूयॉर्कच्या सभेपर्यंतचा रस्ता सापडला नसता. त्याची किंमत अशी की बेथेलच्या माणसांची दैना दूरदेशीच्या दात्यांपुढे पुन्हा पुन्हा मांडावी लागे. देणगी दुःखाच्या वर्णनावर मिळते. ज्याचे दुःख, त्याला त्या वर्णनाबद्दल कुणी विचारत नाही. १८९१ मध्ये असाच एक परदेश दौरा उरकून परतताना शेषाद्रींना जहाजावर मृत्यू आला.

बलुते सोडून ख्रिस्ती झालेल्यांचा हिशेब पुढे स्वतंत्र भारताने वेगळ्या कागदावर मांडला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. त्याला शिखांचे काही अपवाद होते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात पूर्णपणे आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. मातंग समाजातला एक भाऊ हिंदू राहिला आणि दुसरा ख्रिस्ती झाला, तर शिवेवरचे घर दोघांचे तेच असते, सोयरीक जुळवताना जातही तीच विचारली जाते; अनुसूचित जातीचा दाखला मात्र एकालाच मिळतो. धर्म बदलला की जात जाते, असे मानणारा हा आदेश गावात कुणालाच पटणारा नाही. शेषाद्रींनाही तो पटला नसता. धर्म बदलल्याने सुटका होते, एवढेच मानून ते थांबले असते, तर सालारजंगांकडे जमीन कशाला मागितली असती?