एका शहराच्या दोन लावण्या

शाहीर पठ्ठे बापूराव तमाशाचा फड घेऊन मुंबईत गेले आणि त्या नगरीवर लावणी रचून बसले. रेठरे हरणाक्षचे हे कुलकर्णी. शहराचा थाट पाहून त्यांचा कवी खुलला, यात नवल नाही.

पुढे त्याच मुंबईवर अण्णा भाऊ साठ्यांनीही लावणी लिहिली. मात्र त्यांचा मुंबईत शिरण्याचा रस्ताच वेगळा होता. वाटेगावहून आईवडिलांबरोबर पायी चालत आलेलं पोर, मग पडेल ती कामं, मग गिरणी. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ-तुणतुणं घेऊन ही मंडळी चाळीचाळींत, कामगारांच्या सभांत गात हिंडली. त्यामुळे अण्णा भाऊंच्या लावणीत मलबार हिल येते, पण तिच्यासमोर रात्रंदिवस राबणारं परळही उभं राहतं. बापूराव मोठे शाहीर, यात शंकाच नाही. पण परळसारखं गिरण्यांचं गिरणगाव पाहावं ते अण्णा भाऊंच्या नजरेनं.

१८ जानेवारी १९८२ला याच गिरणगावात गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढच्या काळात गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि त्यांच्या जागी टॉवर, मॉल आले. अण्णा भाऊंची लावणी मात्र अजून गायली जाते.

अशी कष्टकऱ्यांची गाणी फक्त मुंबईतच नसतात. आपल्या कोपरगावालाही सहजानंदनगर, कोळपेवाडीच्या साखर कारखान्यांची धुराडी आहेत. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोयते घेऊन येतात, राहायला कोप्या घालतात. त्यांच्यातलं कुणी गात असेल, तर यंदा घटकाभर थांबून ऐका. परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रणही करून ठेवा.